निनांवी चिठ्ठी आणि तिचें गणित

मुरबाडच्या बाजारांत किंवा शहापुरास एस्. टी.च्या थांब्यावर एखादें अनोळखी मूल उभें असलें, कीं जवळची म्हातारी त्यास नांव विचारीत नाहीं. ती विचारते, ‘कोन्या गावचा रं तू?’ मग, ‘कोनाच्या घरातला?’ आणि फार झालें तर, ‘थोरला का धाकला?’ तीन प्रश्न होतात न होतात तोंच तिला त्याचा आजा, त्याचा चुलता आणि त्यांच्या घरचा आंबा कोणत्या बांधावर आहे हें सर्व उमगतें. नांव तिनें विचारलेलेंच नसतें. तें तिला लागतच नाहीं.

या म्हातारीचें गणित आम्हांस फार उशिरा कळलें, आणि तें कळण्यापूर्वीं आमच्या हातून एक चूक घडली. ती येथें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों तेथें नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं दुपारच्या जेवणाची कांहीं सोय करावी असें शिक्षकांच्या मनांत आलें. सरकारी माध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच मिळतें. पुढच्या दोन इयत्तांतील मुलें मात्र डोंगराकडच्या वाड्यांवरून तशींच येतात आणि कित्येकांच्या दप्तरांत डबा नसतो. किती जणांचा प्रश्न आहे हें कळावें म्हणून आम्हीं चिठ्ठ्या वांटल्या. ‘नांव लिहूं नये’ असें फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें. विचारलें तें एवढेंच: गांव कोणतें, वय किती, शाळेंत कसे येतां, आणि आज सकाळीं घरून जेवून आलांत काय. मुलांनीं विश्वासानें खरीं उत्तरें दिलीं. आम्हीं त्यांचा एक सुबक तक्ता केला व पालकांच्या सभेच्या दिवशीं दाराजवळच्या भिंतीवर लाविला.

तक्त्यांत एका गांवापुढें, ‘वय १५, पायीं’ या रकान्यांत, ‘जेवून आला नाहीं’ याखालीं १ हा आंकडा होता. सभेस आलेल्या त्या गांवच्या दोघां-तिघांनीं तो वाचला आणि मागें वळून एका गृहस्थाकडे पाहिलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढें आठ दिवस तो मुलगा शाळेंत आला नाहीं. आला तेव्हां त्याच्याजवळ नवा डबा होता. मधल्या सुटींत तो डबा पुढ्यांत घेऊन बसे. उघडीत मात्र नसे.

नांव तर आम्हीं कोठेंच लिहिलें नव्हतें. मग तें उघडें पडलें कसें, आणि तें पडतें आहे हें आम्हांस आधीं मोजतां आलें असतें काय? आलें असतें. तें मोजण्याचें साधन विद्यार्थ्यांच्या आवाक्यांतलें आहे. त्यास दोनाचे घात एवढेंच गणित लागतें.

इ. स. १९४८ च्या जुलै व ऑक्टोबर महिन्यांत क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें बेल टेलिफोन कंपनीच्या शास्त्रीय नियतकालिकांत एक दीर्घ निबंध दोन भागांत प्रसिद्ध केला. तारेवरून संदेश धाडतांना तो किती वेगानें व किती बिनचूक पोंचेल, हा त्याचा विषय. परंतु त्यासाठीं त्यास आधीं ‘माहिती’ हीच वस्तु मोजावी लागली. दुधास लिटर आहे, भातास क्विंटल आहे. माहितीस माप कोणतें? शॅनननें सांगितलें तें असें, कीं ज्या प्रश्नाचीं दोनच उत्तरें संभवतात व दोन्ही सारखींच संभवतात, त्याच्या उत्तरानें मिळते ती एक ‘बिट’ माहिती. हा शब्द जॉन टुकी या दुसऱ्या गणितज्ञानें सुचविल्याचें त्यानें निबंधांतच नमूद केलें आहे.

समजा, वर्गांत ६४ विद्यार्थी आहेत आणि आम्हीं त्यांतील एक मनांत धरिला. तुम्हीं ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढ्याच उत्तराचे प्रश्न विचारून तो ओळखावयाचा. उतावळा मुलगा एकेकाचें नांव घेत सुटेल. शहाणा मुलगा विचारील, ‘खिडकीकडच्या अर्ध्या भागांत बसतो काय?’ प्रत्येक उत्तरास वर्ग निम्मा होत जाईल: ३२, १६, ८, ४, २, आणि सहाव्या उत्तराअखेर एकच उरेल. म्हणून त्या मुलाभोंवतीं सहा बिटांचा आडोसा होता असें म्हणावयाचें. जो जो बिट गेला तो तो आडोसा एका पदरानें कमी झाला. सहाहि गेले कीं मूल उघड्यावर आलें.

आतां वर्ग मोठा करूं. इ. स. २०११ च्या खानेसुमारींत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३,१४,१०३ व मुरबाड तालुक्याची १,९०,६५२ भरली, मिळून ५,०४,७५५. दोनाचा एकोणिसावा घात ५,२४,२८८ होतो. अर्थात् कसाऱ्याच्या घाटापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत जितकीं माणसें त्या सालीं मोजलीं गेलीं, त्यांतील कोणतेंहि एक शोधून काढण्यास नीट निवडलेले एकोणीस प्रश्न पुरत होते. आम्हांस हें प्रथम खरेंच वाटेना. कागदावर दोनदां गुणाकार करून पाहिला. त्याच खानेसुमारींतील भारताच्या १२१ कोटींस ३१ प्रश्न पुरतात, आणि साऱ्या पृथ्वीवरील सुमारें आठ अब्ज माणसांस ३३. गर्दी दुप्पट झाली कीं आडोसा दुप्पट होईल असें आपणांस वाटतें. तो वाढतो अवघा एका बिटानें.

हें निम्मे-निम्मे करण्याचें तंत्र शॅननच्याहि आधीं आपल्या देशांत वापरांत होतें. इ. स. १८९७ च्या सुमारास कलकत्त्यास एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं बोटांच्या ठशांची वर्गवारी बसविली. आपल्याकडे आजी नातवाचा हात पाहून ‘चक्र आहे कीं शंख’ असें म्हणते, तोच प्रश्न त्यांनीं दहाहि बोटांस विचारिला: या बोटावर चक्र आहे, कीं नाहीं? दहा प्रश्न, प्रत्येकाचीं दोन उत्तरें; म्हणून दोनाचा दहावा घात, १,०२४ खण. लाखों ठशांच्या ढिगांतून हवा तो कागद काढण्यास प्रथम एका खणापाशीं जावयाचें. अक्षरशत्रु म्हणून ज्यास आपण हंसतों तो अंगठा उठवितांना सहीपेक्षां अधिक खोल ओळख कागदावर ठेवून जातो, हें त्यास कोणी सांगत नाहीं.

परंतु चक्र आणि शंख जसे सर्व बोटांवर समप्रमाणांत वांटलेले नसतात, तसेंच इतर उत्तरांचें आहे. येथेंच या शास्त्राचें मर्म आहे. जी गोष्ट पुष्कळांस लागू पडते ती सांगितल्यानें थोडें कळतें. जी थोड्यांस लागू पडते ती सांगितल्यानें पुष्कळ कळतें. दोघांत एकास लागू पडणारी गोष्ट एक बिट सांगते, आठांत एकास लागू पडणारी तीन, हजारांत एकास लागू पडणारी जवळ जवळ दहा. वरील पांच लाखांतील एखादा मनुष्य ‘मी शहापूर तालुक्यांतला’ म्हणाला, तर शंभरांत बासष्ट तेथलेच असल्यामुळें त्यानें ०.६८ बिट सांगितला. ‘मी मुरबाड तालुक्यांतला’ असें म्हणणारा १.४० बिट सांगून बसतो. प्रश्न एकच, उत्तरहि एका शब्दाचें. परंतु लहान तालुक्याच्या माणसास तें दुपटीहून महाग पडलें.

पिन क्रमांकाचें उदाहरण घ्या. शहापूरचा ४२१६०१ आणि मुरबाडचा ४२१४०१. आंकडे सहा असले तरी या दोन कचेऱ्यांपुरतें बोलावयाचें तर चौथा आंकडा तेवढा बोलतो, बाकीचे पांच मुके आहेत. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत यावी. ज्यानें वासिंद हें गांव सांगितलें, त्यानें पुढें ‘तालुका शहापूर’ असें लिहिलें तर नवें कांहींच सांगितलें नाहीं; आणि ‘आगगाडीनें येतो’ हेंहि फारसें नवें नाहीं, कारण तेथें स्थानकच आहे. म्हणून बिटांची बेरीज आंधळेपणानें करूं नये. आधींच्या उत्तरानंतर जितकें नवें कळलें तितकेंच जमेस धरावें.

आतां आमच्या त्या तक्त्याकडे परत येऊं. हिशेबाच्या सोयीसाठीं शाळेंत ५१२ विद्यार्थी होते असें धरूं, म्हणजे प्रत्येकाभोंवतीं नऊ बिटांचा आडोसा. त्या गांवचे चारच विद्यार्थी असले, तर गांवाच्या नांवासरशीं सात बिट गेले. चौघांतले दोघे सायकलीवर येत असतील, तर ‘पायीं’ या शब्दानें आठवा गेला. उरलेल्या दोघांत एक चौदा वर्षांचा व एक पंधरा. वयानें नववाहि गेला. नांवाचें एक अक्षर न लिहितां नांव पुरें झालें होतें. याच्या उलट, मोठ्या गांवाहून येणारे ६४ विद्यार्थी असतील तर त्यांस गांव सांगून तीनच बिट गमवावे लागले. त्यांचा आडोसा शाबूत राहिला आणि त्यांच्यांतील उपाशी मुलें आंकड्यांत निर्धास्त लपलीं. एकच चिठ्ठी सर्वांस दिली म्हणून आम्हीं सर्वांस समान वागविलें अशी आमची समजूत होती. ती चिठ्ठी वाडीवरच्या मुलास अधिक महाग पडली. आणि जेवणाची गरज बहुधा त्यालाच अधिक होती.

त्या गांवाचें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं; लिहिलें तर हा लेखच त्या तक्त्याचें काम करील. वर ‘मुलगा’ असें लिहिलें आहे, ती मुलगीहि असूं शकेल. तेवढा एक बिट आम्ही राखून ठेवितों.

जेथें आंकडे समान नसतात तेथें आणखी एक अडचण येते. समजा, फळ्यावर कोणी निनांवी मजकूर लिहिला आणि त्या वेळीं वर्गांत सोळा विद्यार्थी होते. संशय सोळांवर सारखा असेल तर आडोसा चार बिटांचा. परंतु अक्षराच्या वळणावरून गुरुजींचा अर्धा संशय एकावर बसला व उरलेला अर्धा पंधरा जणांवर सारखा विखुरला, तर काय? शॅनननें अशा विषम अनिश्चिततेची सरासरी काढण्याची रीत दिली आहे. तिला एन्ट्रॉपी म्हणतात. प्रत्येकावरील संशयाचा अंश आणि तो खरा निघाल्यास मिळणारे बिट यांचा गुणाकार करावयाचा व सर्वांची बेरीज घ्यावयाची. पहिल्याचा अंश अर्धा व बिट एक, म्हणून ०.५०. बाकी पंधरांचा प्रत्येकीं अंश तिसावा व बिट ४.९१, म्हणून सर्वांचे मिळून २.४५. बेरीज २.९५ बिट; आणि दोनाचा तितका घात सुमारें पावणेआठ. हजेरींत नांवें सोळा, पण आडोसा पावणेआठ जणांचाच! निनांवीपणा असा एन्ट्रॉपीनें मोजावा हें इ. स. २००२ मध्यें इंग्लंडांतील केंब्रिज व बेल्जममधील लूव्हेन येथील संशोधकांनीं एकाच परिषदेंत, स्वतंत्रपणें मांडलें.

पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट जन्मतारखेची आहे. सत्तर वर्षांच्या तारखा सुमारें २५,५५० होतात. स्त्री कीं पुरुष हें मिळविलें कीं खण ५१,१००. मुरबाड तालुक्याचीं १,९०,६५२ माणसें या खणांत सारखीं वांटलीं तर एका खणांत चारहि येत नाहींत. त्यांत गांव सांगितलें, आणि तें हजार वस्तीचें असलें, तर त्याच तारखेची दुसरी व्यक्ति तेथें निघणें हा योगायोगच. तारीख, लिंग आणि गांव: आपण हीं तीन उत्तरें कोणत्या फॉर्मांत लिहीत नाहीं?

अमेरिकेंत हें उघडपणें सिद्ध झालें आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील सरकारी नोकरांच्या औषधोपचारांची नोंद नांवें गाळून संशोधकांस देण्यांत आली. जन्मतारीख, लिंग व टपालक्रमांक मात्र ठेविले होते. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनीं लोकांस निर्धास्त राहण्यास सांगितलें. तेव्हां विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनीं केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरांस विकत घेतली. गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे तींत सहा जण निघाले; त्यांत पुरुष तीन; आणि गव्हर्नरांच्या टपालक्रमांकाचा एकच. इ. स. १९९७ च्या सुमारास त्यांनीं गव्हर्नरांचे औषधोपचाराचे कागद असे ओळखून दाखविले. पुढें त्यांनीं १९९० च्या खानेसुमारीवरून अंदाज केला, कीं या तीन गोष्टींवरून अमेरिकेंतील शंभरांत ८७ माणसें एकटीं पडतात.

आपल्याकडे मात्र या बाबतींत जुन्या गुरुजींनीं नकळत एक उपकार करून ठेविला आहे. ज्या मुलाच्या जन्माची नोंद नसे त्यास शाळेंत घालतांना ते खुशाल ‘१ जून’ लिहीत. आमच्या भागांतील वडीलधाऱ्यांचे दाखले चाळले तर निम्मीं गांवें त्या एकाच दिवशीं जन्मलीं कीं काय असें वाटतें. दाखल्याच्या दृष्टीनें ही चूक. परंतु १ जून या खणांत इतकी गर्दी आहे कीं तेथें उभ्या असलेल्या म्हाताऱ्यास शोधणें कठीण. आतां प्रत्येक बालकाची खरी तारीख नोंदली जाते, हें योग्यच आहे. तो आडोसा मात्र गेला.

कायद्यानेंहि या गोष्टीची दखल घेतली आहे. ज्या १९४८ सालीं शॅननचा निबंध निघाला त्याच सालीं आपल्या देशांत खानेसुमारीचा कायदा झाला. त्याच्या पंधराव्या कलमान्वयें गणनेचे मूळ कागद कोणास पाहावयास मिळत नाहींत. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु शाळेच्या भिंतीवर तक्ता लावणाऱ्या शिक्षकाजवळ कायदा येऊन उभा राहत नाहीं. त्यानें स्वतःच प्रत्येक रकाना पाहावा. जेथें पांचाहून कमी आंकडा असेल तेथें दोन-तीन वाड्या एकत्र कराव्या. ‘वय १५’ ऐवजीं ‘१४ ते १६’ लिहावें. आणि जें विचारण्याचें प्रयोजन नाहीं तें विचारूंच नये. शाळेंत कसे येतां हें आम्हीं तेव्हां कां विचारलें होतें, तें आज आठवतहि नाहीं. (जेवणाची सोय पुढें झाली. सर्वांस एकाच पंगतीस बसवितात, त्यामुळें कोण उपाशी आला याची मोजदाद करावी लागत नाहीं.)

याहून पुढची एक युक्ति आहे. ती स्टॅन्ली वॉर्नर यांनीं १९६५ सालीं मांडलेल्या कल्पनेचें सोपें रूप होय. दिवाळीनंतर आमच्या भागांतील कित्येक कुटुंबें वीटभट्टीवर जातात, आणि मुलांची शाळा सुटते. ‘तुम्हांसहि जावें लागतें काय?’ हा प्रश्न विचारणें अवघड, कारण ‘होय’ म्हणण्यास मूल लाजतें. अशा वेळीं प्रत्येकानें एकट्यानें नाणें उडवावें. छाप पडला तर खरें उत्तर लिहावें. कांटा पडला तर खरें कांहींहि असो, ‘होय’ लिहावें. समजा, १६० मुलें आहेत व त्यांतील २० खरोखर जातात. सुमारें ८० जणांस कांटा पडेल, ते सर्व ‘होय’ लिहितील. ८० जणांस छाप पडेल. त्यांतले १० जाणारे, तेहि ‘होय’ लिहितील. एकूण ‘होय’ ९०. त्यांतून ८० वजा केले कीं १० उरले, ते ८० पैकीं. म्हणजे आठांत एक. शाळेस हवी ती संख्या मिळाली. परंतु कोणाची ‘होय’ लिहिलेली चिठ्ठी हातीं लागली तर काय कळेल? ९० ‘होय’ चिठ्ठ्यांत खरोखर जाणारे २०, म्हणजे नवांत दोन. पूर्वीं संशय आठांत एक होता, आतां नवांत दोन. पाऊण बिटाहून थोडेंच अधिक गेलें. सरळ प्रश्नास सरळ ‘होय’ लिहिलें असतें तर तिन्ही बिट गेले असते. शिवाय मुलास केव्हांहि सांगतां येतें, ‘माझा कांटा पडला होता.’

यंदा आम्हीं याच रीतीनें चिठ्ठ्या भरून घेतल्या. चिठ्ठीवर गांव नाहीं, वय नाहीं, केवळ एक शब्द. मुलें एकेक करून व्हरांड्याच्या टोंकास गेलीं. नाणीं मात्र पुरलीं नाहींत; मागच्या बाकांवरील मुलांनीं खिशांतले फोडलेले चिंचोके काढले आणि पांढरी बाजू म्हणजे छाप असें आपसांत ठरविलें. चिंचोका नाण्यासारखा दोन्ही बाजूंनीं सारखा पडतो असें धरतां येत नाहीं, आणि तो सारखा पडत नसेल तर आमची सारी वजाबाकी चुकते. म्हणून नववीचा वर्ग सध्यां मधल्या सुटींत चिंचोके उडवून पांढरी बाजू किती वेळां वर येते तें वहींत मांडीत आहे. तें पुरें झालें म्हणजे चिठ्ठ्या उघडूं.